मंगळवारची हडळ

चुलत भावाने भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा मला पहिला संशय आला तो जमिनीचा.

त्याला कारण होतं. माझा धाकटा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. मागे राहिली भावजय आणि माळाच्या पायथ्याचं वीस गुंठे विहिरीचं रान. रान तिच्याच नावावर आहे. पण उताऱ्यावर नाव असणं आणि गावाने ते मानणं यांत आमच्याकडे बरंच अंतर असतं. दोन वर्षं ते रान चुलत भावाने वाट्याने केलं, कारण त्याचं रान बांधाला बांध लागून आहे. यंदा भावजय म्हणाली, मी स्वतः करते. भावकी जमली, चहा झाला आणि ठरलं, की एक वर्ष बघू. जमलं तर तिचं तिला. काही चुकलं-माकलं तर रान पुन्हा अण्णाकडे, आणि मग कायमचं. चुकलं-माकलं म्हणजे नेमकं काय, ते कुणी विचारलं नाही. अशा बैठकांत शब्द मुद्दाम सैल ठेवतात, नंतर हवे तसे आवळता यावेत म्हणून.

अण्णा म्हणजे हा चुलत भाऊ. हायस्कुलात क्लार्क. तीस वर्षं गावच्या दरवर्षीच्या जत्रेत नाटकं बसवली, प्रत्येक नाटकात स्वतःसाठी एक शाल पांघरून येण्याची जागा ठेवली. पुढे नाटकं बंद पडली आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, तेव्हा तो दिग्दर्शक झाला.

मी बेळगावात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, निधनवार्ता, संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका. आमच्या भागात बऱ्याच गावांचं स्वतःचं साहित्य संमेलन असतं, आणि पत्रिकेत साहित्यापेक्षा मान्यवर जास्त असतात. या कामाने मला एक सवय लावली. मजकूर समोर आला की त्यात चूक आहे असं आधी धरायचं, मग वाचायला लागायचं. माणसांच्या बाबतीत ही सवय बरी नाही असं लोक म्हणतात. पण चुका सापडत राहतात, तोवर ती सोडायची कशी?

एका रविवारी अण्णा संहिता घेऊन माझ्या खोलीवर आला.

"ह्ये नुसतं हॉरर न्हवं. हॉरर-कॉमेडी. लोकांनी भ्यायचं बी आनि हसायचं बी."

"एकाच वेळी?"

"त्येच तर दिग्दर्शन असतंय."

गोष्ट, कबूल करते, चांगली होती. एक म्हातारी पेन्शनसाठी ऑफिसात खेटे घालता घालता मरते. मेल्यावर हडळ होऊन त्याच ऑफिसात येते. साहेब घाबरतो, पण नियम तो नियम. म्हणतो, पेन्शन हवी तर हयातीचा दाखला आण. दाखला द्यायचा तो माणूस हडळ बघून पळतो. हडळ त्याच्या मागे, "अहो, सही! नुसती सही!" असं ओरडत रानोमाळ धावते. ती भीती घालत नसते, अर्ज करत असते. मला हसू आलं आणि हसताना जरा गारही वाटलं, कारण अशी जिवंत माणसं मी ऑफिसांच्या बाकांवर बसलेली पाहिली आहेत. एवढं सुचणारा माणूस तीस वर्षं शाल पांघरून का येत होता, कोण जाणे. मी दुरुस्ती एकच केली. हडळीचं "हा हा हा" चार पानांवर पसरलं होतं, ते एका ओळीवर आणलं.

"हडळ कोण होणार?"

"हायस्कुलातलं पीटीचं सर. मिश्या काढाय तयार न्हाईत, पर पदर घेतला की झाकत्यात."

"आणि शूटिंग कुठे?"

"माळाच्या पायथ्याला. आपल्या रानाकडंच."

आपल्या म्हणजे कोणाच्या, हे मी विचारलं नाही. नुसतं मनात टिपून ठेवलं.

"मंगळवारी धरलंय," तो म्हणाला. "रान मोकळं असतंय."

मंगळवारी रान मोकळं का असतं, ते सांगायला हवं. लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी येते, आणि ती भरायच्या आधी पाच आठवडे गाव वार पाळतं. मंगळवार आणि शुक्रवार रानात कुणी पाऊल टाकायचं नाही. बैलाच्या मानेवर जू नाही, मातीत खोरं नाही, गिरणी बंद. ते दोन दिवस रान देवीचं. पाळणारे मनापासून पाळतात आणि न पाळणारे भीतीपोटी पाळतात. कारण वार मोडला तर दंड फारसा नसतो, पण नाव लागतं. त्यानंतर गावात कुणाची म्हैस आटली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या पोराचा निकाल पडला, तर सगळं त्या घराच्या खात्यावर. पुढची यात्रा येईपर्यंत.

तर अशा दिवशी सिनेमा काढायला परवानगी हवी. ती देणारे पंचांतले थोरले आप्पा. ही बैठक मी पाहिली नाही. तिघांनी मला ती तीन तऱ्हांनी सांगितली, पण पुढचा संवाद तिघांच्या सांगण्यात सारखा होता, म्हणून तो खरा धरते.

"ह्ये काम हाय का न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"कला हाय, आप्पा."

"त्येच्यावर पोट भरतंय?"

"न्हाय."

"मग ते काम न्हवं. रिकामपण हाय. वाराला रिकामपण चालतंय. पर माती हलवायची न्हाय, लोखंड लावायचं न्हाय, पानी सोडायचं न्हाय."

अण्णाला परवानगी मिळाली आणि अपमानही झाला. परवानगी त्याने जाहीर केली.

सिनेमा दाखवला तो दहा-बारा दिवसांनी, रविवारी दुपारी चार वाजता, समाजमंदिरात. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना बटाट्याची पोती लावली होती, त्यामुळे भुताच्या सिनेमाला मातीचा वास येत होता. सिनेमा बारा मिनिटांचा, सत्कार पन्नास मिनिटांचे. थोरले आप्पा प्रमुख पाहुणे. शाल, नारळ, फेटा, पुढे प्लास्टिकची खुर्ची. बोलताना ते म्हणाले, की आमच्या काळी भुतं खरी असायची, हल्लीच्या भुतांत दम नाही. टाळ्या पडल्या.

भावजय बायकांत मागे बसली होती. मी तिच्याशेजारी. सिनेमा सुरू झाला आणि समाजमंदिर हसायला लागलं. पीटीचे सर हडळ म्हणून धावत होते ते थेट पीटीच्या तासाला धावतात तसे, कोपर कमरेला लावून. पदर सरकला की मिशी दिसायची. "नुसती सही!" म्हणाले की बायका डोळे पुसायच्या. अण्णा भिंतीशी उभा राहून प्रत्येक हशाला मान डोलावत होता, हसण्याची जागा नव्हती तिथेही.

मग माळावरून घेतलेला लांबचा देखावा आला. टळटळीत दुपार. पुढे पीटीचे सर बांधावरून पळतायत. मागे, डाव्या कोपऱ्यात, उन्हाच्या झळांत काहीतरी उभं.

पहिल्यांदा एक बाई म्हणाली, "मागं बगा गं. मागं."

ते उंच होतं, फार उंच. फिकट कापड नेसलेलं. गुडघ्याखाली काहीच नव्हतं, नुसता उजेड थरथरत होता. ते वाकलं. पुन्हा उठलं, तेव्हा आणखी लांब झालं. हातात काहीतरी लांबोडकं. पुन्हा वाकलं. पुढे पीटीचे सर "सही! सही!" करत होते आणि आता कुणी हसत नव्हतं.

आप्पा खुर्चीत मागे रेलले. खुर्चीचा पाय फाकला. देवीचं नाव घेत ते उताणे पडले आणि फेटा घरंगळत बायकांपर्यंत आला. सगळीकडे किंकाळ्या. अण्णा धावत लॅपटॉपपाशी गेला, पण बंद करायच्या ऐवजी त्याच्या हातून तोच तुकडा पुन्हा लागला, आणि ते परत वाकलं, परत उठलं. अण्णाचं तोंड पांढरं पडलं होतं. इतका चांगला अभिनय त्याने आयुष्यात केलेला नव्हता, म्हणून मी ती भीती खरी धरली. निदान त्या क्षणी.

मी मात्र कापडाकडे बघत नव्हते. वाकायच्या आधी ते डाव्या हाताने निऱ्या वर खोचत होतं. खोरंही डाव्या बाजूने मारत होतं.

शेजारी भावजय डाव्या हाताने तोंडावर पदर दाबून बसली होती.

घरी गेल्यावर तिने चहा टाकला. मी परसात जाऊन आले. खोरं भिंतीला टेकवलेलं होतं, दांड्यापासून पात्यापर्यंत घासूनपुसून लख्ख. कामाचं खोरं इतकं स्वच्छ असत नाही.

"ओळखलासा न्हवं, आक्का?"

"मी काही विचारलेलं नाही."

"तुमी न इचारता जास्त इचारताय." तिने कप पुढे ठेवला. "टीसी जळलीती. चार दिस करंट न्हवता. मिरचीचं कवळं तरू मान टाकाय लागलंतं. मंगळवारी बारा वाजता थ्री फेज आली. आनि पुना तीन वाजता जानार म्हटल्यावर मी काय करायचं?"

टीसी म्हणजे आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर. तो जळला की मोटारी बंद. वीज देणाऱ्यांचं वेळापत्रक वार पाळत नाही.

"मग गेलीस?"

"गेलते. जाताना देवळात जाऊन सांगून गेलते. म्हटलं, बाई, एवडं पानी पाजून येते, मग तुजं तू बग."

"देवी काय म्हणाली?"

"काय म्हनली न्हाय." तिने गाळणी झटकून रिकामी केली. "पर नको बी म्हनली न्हाय."

मला त्या उत्तरात चूक सापडली नाही. तिला सिनेमाचं माहीत होतं, पण मला रानाकडे म्हणणाऱ्या अण्णाने तिला मात्र तो देवळाच्या बाजूला काढणार असं सांगितलं होतं. ऐन वेळी त्याने कॅमेरा माळावर नेला. का नेला? उजेडासाठी, असं तो म्हणतो. माळावर कॅमेरा ठेवला की समोर भावजयीचंच रान येतं, हे बांधाला बांध असलेल्या माणसाला माहीत नसणार का? मी हा प्रश्न चहाबरोबर गिळला, पण तो खाली उतरला नाही.

शुक्रवारी पंच बसणार होते. वाराचा दिवस, कुणाला काम नाही, म्हणजे सगळं गाव येणार. गावात तोवर दोन पक्ष झाले होते. एक म्हणे, ती खरीच हडळ. दुसरा म्हणे, हडळ खोरं कशाला धरेल? वार कुणीतरी मोडलाय. दुसऱ्या पक्षाची बोटं अजून हवेत होती, पण कुणाच्या रानाकडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. माणूस ओळखला गेला की ते "चुकलं-माकलं" झालं असतं. यंदाची मिरची तिची, पण पुढच्या वर्षापासून रान अण्णाचं.

गुरुवारी मी रजा टाकली आणि अण्णाच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून मोबाईलवर तोच तुकडा बघत होता.

"अण्णा, खरं सांगू? अकरा मिनिटं लोक पीटीच्या सरांना हसले. भ्याले ते एकदाच."

"त्या शॉटला."

"तो तू लावलेला होता, की आपोआप आला?"

त्याने मोबाईल पालथा ठेवला. "तुजं म्हननं काय?"

"माझं काय म्हणणं असणार! आपोआप आला असेल तर सिनेमा पीटीच्या सरांचा. लावलेला असेल तर तुझा."

त्याच्या आत दोन माणसं भांडत होती आणि मला दोघांचीही ओळख होती. एकाला वीस गुंठे हवे होते. दुसऱ्याला तीस वर्षांत पहिल्यांदा लोक खरोखर भ्याले होते. पहिला जिंकायचा असेल तर ती बाई खरी माणूस ठरायला हवी. दुसरा जिंकायचा असेल तर ती अण्णाची कलाकृती.

"आनि हातातलं खोरं?" त्याने विचारलं.

"हडळीच्या हातात काय द्यायचं ते दिग्दर्शक ठरवतो."

"कोन हाय ती, तुला ठावं हाय."

"मला नाही ठाऊक."

"मला बी न्हाय," तो म्हणाला. आणि त्याने मोबाईल उचलून तोच तुकडा पुन्हा लावला.

परत येताना मी स्वतःवर खूश होते. आयुष्यभर थोतांडाला नाकं मुरडणारी मी हडळीची वकिली करून आले होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला बसस्टॉप आला.

शुक्रवारी सकाळी देवळासमोर पटांगणात गाव जमलं. आप्पांसाठी या वेळी लाकडी खुर्ची आणली होती. ते तिला आधी हाताने हलवून बघून मगच बसले.

"त्या चित्रात मागं कोन हाय?" आप्पांनी विचारलं.

अण्णा उभा राहिला. "आमचंच पात्र हाय, आप्पा. मुद्दाम लांब ठेवलेलं. ह्येला सस्पेन्स म्हनत्यात."

"तुजंच पात्र? मग तुजंच तोंड पांढरं का झालतं?"

लोक हसले. अण्णाने घसा खाकरला. "ते... परिणाम बगत व्हतो."

"हातात खोरं व्हतं. लोखंड लावायचं न्हाय म्हटलंतं."

"पुठ्ठ्याचं."

"पानी चमकत व्हतं."

"इफेक्ट."

"आनि बाई कोन? नाव सांग. हितं हुबी कर तिला."

मी आदल्या दिवशी त्याला संवाद दिले आणि नटी द्यायची विसरले. अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मी देवळाच्या कळसाकडे बघायला लागले.

तेवढ्यात बायकांतून भावजय उठली.

"मी व्हते, आप्पा."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"पात्र-बित्र न्हाय. मिरचीला दारं धरत व्हते. टीसी जळलीती, त्या दिशी दुपारीच करंट आला. खोरं लोखंडाचं व्हतं. पानी बी खरंच सोडलंतं. काय दंड असंल तो सांगा."

मी डोळे मिटून घेतले. इतक्या खटपटीने रचलेलं सगळं तिने घटकेत उधळलं. आता आप्पा बोलणार, अण्णाच्या आतला पहिला माणूस उठणार, आणि रान गेलं.

आप्पांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही. भावजय माझ्या कानाला लागते, आणि मीच काही उंच नाही.

"खाली बस," ते म्हणाले. "तू केवडी, ती केवडी!"

"आप्पा, मीच व्हते."

"तिला पाय न्हवतं."

"पाटात व्हतं पाय. पान्यात."

"ताडासारकी व्हती ती. सगळ्या गावानं बगितलंय."

"उन्हात तसं दिसतंय, आप्पा. झळा असत्यात."

"मला शिकवू नगो!" आप्पांचा आवाज चढला. "ऐंशी पावसाळं बगितल्यात मी. बाईमानसाला बगून भ्यायला मी काय शेंबडा पोर हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वार, देवी, पाणी, खोरं, यांपैकी कशाचाच प्रश्न उरला नव्हता. प्रश्न खुर्चीचा होता. सगळ्या गावादेखत आप्पा उताणे पडले होते. ज्याला बघून पडले ते कमीत कमी हडळ असायलाच हवं. चार फूट दहा इंच उंचीची, मिरचीला पाणी पाजणारी बाई त्यांना परवडणारी नव्हती. मग एक एक करून बाकीचे पंचही माना डोलावू लागले. त्या दिवशी किंचाळण्यात तेही होते.

निकाल असा झाला. ते बाहेरचं आहे. वार कुणी मोडलेला नाही. अण्णा मोठेपणासाठी खोटं बोलला, आणि ही बाई भोळी, त्याला वाचवायला अंगावर घ्यायला निघाली. रानाच्या कोपऱ्यावर दहीभात आणि नारळ ठेवायचा. भर दुपारी तिकडून कुणी जायचं नाही.

अण्णाची कलाकृती हडळीने नेली आणि वर खोटारडेपणाचा शिक्का मिळाला. रानाबद्दल मात्र त्याने स्वतःच भावकीत सांगून टाकलं, "मला न्हाय झेपायचं. तिचं तिला असू दे." कॅमेऱ्यावरचा माझा संशय तरीही फिटला नाही. पण पंचांनी हडळ म्हटल्यापासून ज्या माणसाने भीतीने त्या रानाकडे पाठ करून झोपायचं सोडलं, त्याला आता काय विचारायचं?

म्हणजे रान राहिलं. भावजयीने पेढे वाटायला हरकत नव्हती. ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

"खरं बोलले," शेवटी ती म्हणाली, "तर मलाच खुळी ठरवलं. दंड घेतला असता तर बरं वाटलं असतं, आक्का."

यात्रा झाली. मिरची लागली, आणि चांगली लागली. मग कळलं की हडळ फुकट राहत नाही. मिरची तोडायला माणसं लागतात. भावजयीची सात-आठ बायकांची टोळी आहे, एकमेकींच्या रानात पाळीपाळीने जाणारी. ती त्यांच्या भुईमुगाला, हरभऱ्याला जाऊन आली होती. आता तिची पाळी, तर एकीचं डोकं दुखत होतं, दुसरीच्या घरी पाहुणे होते, तिसरीचा नवरा नको म्हणत होता. हिरवी मिरची झाडावर पिकून लाल व्हायला लागली. एकटीने दोन ओळी तोडेपर्यंत पुढच्या चार लाल. हडळीने वाचवलेलं रान हडळच खाऊन टाकणार असं दिसायला लागलं. आणि पीक वाया गेलं की भावकी पुन्हा चहाला बसणार, अण्णा नाही तर दुसरा कुणीतरी पुढे होणार.

मी सुट्टी काढून गेले. एक दिवस तिच्याबरोबर मिरची तोडली, रात्रभर बोटं जळत होती. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन टोळीतल्या थोरल्या काकूंच्या दारात गेली. काकू जिकडे जातात तिकडे बाकीच्या जातात.

"काकू, मीच व्हते गं ती. किती येळा सांगू?"

"तू व्हतीस म्हनतीस, मग ती एवडी लांबडी कोन?"

"बाराला माळावर चला. दावते. बाकीच्यास्नी बी बोलवा."

"भर दुपारी? हिचं काय खरं न्हाय बाई," काकू मला म्हणाल्या. पण डोळ्यांत भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. बाराच्या ठोक्याला सहाजणी माळावर आल्या, एकमेकींचे पदर धरून. सांगून आलेली मात्र एकही नव्हती. प्रत्येकीने घरी वेगवेगळी थाप मारली होती.

भावजय तीच फिकट पिस्ता साडी नेसून खाली रानात गेली. मोटार चालू केली. पाणी पाटात आलं, तशी ती खोरं घेऊन पाण्यात उभी राहिली. माळावरून ती मुठीएवढी दिसत होती. मी मोबाईल धरला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि सहाही डोकी माझ्या खांद्यावर आली.

पडद्यावर ती लांब होत गेली. झळांत पाय विरघळले. डाव्या हाताने निऱ्या खोचल्या. ती वाकली, उठली, आणि ताडासारखी झाली.

मला सगळं माहीत होतं. तरीही माझ्या मानेवर काटा आला, हे इथे लिहून ठेवते. तीन बायका किंचाळल्या. एकीने माझ्या दंडात नखं रुतवली. काकूंनी मोबाईलकडे बघितलं, मग मान वर करून खाली रानात बघितलं, पुन्हा मोबाईलकडे बघितलं.

"आगं आई गं," त्या म्हणाल्या. "ह्येला बगून आप्पा पडला?"

आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला. एकीने बसकण मारली. एक माळावरच्या दगडाला धरून हसत होती आणि "फेटा गं, फेटा" एवढंच म्हणू शकत होती. खालून भावजयीने ओरडून विचारलं, "दिसलं का?" तर कुणाला उत्तर देता येईना.

हसणं ओसरलं, तशी एकेकजण पुन्हा खाली पाटाकडे बघायला लागली. जी भीती संपली तिच्या जागी दुसरी गोष्ट आली होती. ती खरंच वाराला रानात गेली होती. हे आता सहाजणींना कळलं होतं, आणि त्यांपैकी दोघींच्या म्हशी त्या उन्हाळ्यात आटल्या होत्या. मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे काय ठरतंय ते मला वाचता येईना.

"तरू वाळलं असतं तिचं," काकू शेवटी म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही.

"व्हय की," एकजण म्हणाली.

"पर पंचास्नी कळलं तर?" तिसरी.

"पंचास्नी कशाला कळतंय? त्यास्नी हडळ पायजे. असू दे त्यास्नी हडळ." काकूंनी पदर खोचला. "आनि तुमी गं आक्का, तुमच्या छापखान्यात न्हाय तर छापून टाकशीला."

मी नाही म्हणाले. तेव्हा खरंच छापायचं नव्हतं.

उतरायच्या आधी एकजण लाजत माझ्याजवळ आली. "माजा बी काडा की एक. तशी लांबडी."

मग काय, सगळ्यांचेच. एकेक जण खाली जाऊन पाटात उभी राहिली, वाकली, उठली, लांब झाली. वरून बाकीच्या ओरडून सांगायच्या, "जरा भ्या वाटंल असं हुबी ऱ्हा की!" काकूंनी दोन्ही हात वर केले आणि "सही!" म्हणून आरोळी ठोकली. पीटीच्या सरांपेक्षा त्या फार चांगल्या हडळ झाल्या. अण्णाने बघायला हवं होतं, पण तो त्या बाजूला फिरकत नव्हता.

भावजय मिरचीच्या ओळीत तोडणीची बुट्टी घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर मला बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं, पण ते तिने लगेच आवरलं.

"झालं का तुमचं रिकामपण?" ती ओरडली. "या आता. तिनाला करंट जायच्या आत पानी बी पाजायचंय, आनि अजून बारा वळी तोडायच्या ऱ्हायल्यात."